तोफेतून निघालं खत!

दारूगोळ्याशिवाय तोफ? नॉर्वेच्या क्रिस्टियान बिर्केलँडने बनवली होती. नळीवर ओळीने तारेची वेटोळी. वीज सोडली की वेटोळं चुंबक होऊन लोखंडी गोळा आत खेचतं. गोळा मध्यावर आला की त्यातली वीज बंद करायची, नाहीतर तोच गोळ्याला मागे ओढणार. सगळा खेळ टायमिंगचा.

६ फेब्रुवारी १९०३ ला विद्यापीठात प्रयोग झाला. शॉर्ट सर्किट, प्रचंड आवाज, ज्वाळा, पळापळ! तोफेचं गिऱ्हाईक गेलं.

आठवड्याभरात बिर्केलँडला साम आइडे हा इंजिनिअर भेटला. हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवायला त्याला विजेची अशीच प्रखर ज्वाळा हवी होती. १९०५ मध्ये त्यातून नॉर्स्क हायड्रो ही कंपनी उभी राहिली.

मला वाटतं, त्या सभागृहातून पळालेल्यांनी थोडं थांबून बघायला हवं होतं.