धनी कोण, कारभारी कोण

गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यात किंवा आसपासच्या गावांत एखादी बाई नवऱ्याविषयी बोलू लागली, की कधी ‘आमचे धनी’ म्हणते, कधी ‘आमचे कारभारी’. बोलण्यात दोन्ही शब्द एकाच माणसाला चालतात. जरा सुटे करून पाहिले, तर मात्र त्यांच्यात मोठे अंतर दिसते. धन्याचे स्वतःचे असते, कारभाऱ्याच्या हाती ते सोपवलेले असते. धन्याला हिशोब मागणारा कोणी नसतो. कारभाऱ्याला तो कधीतरी द्यावाच लागतो. पैशाकडे पाहण्याची ख्रिस्ती रीत या अंतरावर उभी आहे. पृथ्वी आणि तिच्यावरचे सारे देवाचे, आपण कारभारी. मराठी बायबलातही हाच शब्द आहे, त्यामुळे विषय तुमच्या घरातलाच समजा.

‘पैसा आणि श्रद्धा’ म्हटले की दशांशाचा उपदेश ऐकावा लागणार, असे अनेकांना वाटते. ही धास्ती अगदीच निराधार नाही. चर्चच्या मंडळीत पैशाची गोष्ट निघते ती बहुधा दानाच्या थैलीजवळच. पण दहावा भाग दिल्यावर उरलेल्या नऊ भागांचे काय, हा प्रश्न मला अधिक मोठा वाटतो. येशूच्या दाखल्यांत कर्ज, मजुरी, ठेव, कोठारे, हरवलेले नाणे यांची सतत ये-जा आहे. लूकच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधू पाहणारा माणूस आहे. त्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, एवढीच अपेक्षा. वाचकांनी या ‘आधी बसून’वर थोडे थांबावे. आपल्याकडे घाई नेमकी तिथेच होते.

ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशाचे, म्हणजे उचलीचे उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यात ते कोणाला समजावून सांगावे लागत नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दसरा-दिवाळीनंतर टोळी पश्चिम महाराष्ट्राकडे नाहीतर कर्नाटकाकडे निघते. पण मुकादमाची उचल त्याच्या कितीतरी आधी घरात आलेली असते आणि बहुतेक वेळा घराबाहेरही गेलेली असते. मुलीचे लग्न, दवाखाना, जुने देणे. पुढचे चार-पाच महिने ती रक्कम टनांनी फेडायची. पाऊस लांबला, अंगात ताप भरला, कारखाना लवकर बंद झाला, की बाकी पुढच्या हंगामावर जाते. कर्ज घेणारा देणाऱ्याचा दास होतो, असे नीतिसूत्रांचे सांगणे आहे; ऊसतोडीच्या कोपीत राहिलेल्या माणसाला त्यावर भाष्य नको.

‘उचल घेऊच नका’ हा उपदेश मला पोकळ वाटतो. ज्याच्या शेताला पाणी नाही आणि गावात काम नाही, त्याला असा उपदेश करणे सोपे असते. माझ्या पाहण्यात एक बाई आहेत. भिंतीवरच्या कॅलेंडरात प्रत्येक तारखेच्या चौकटीत त्या पेन्सिलीने त्या दिवशी तोडलेले टन मांडतात आणि पानामागे मुकादमाने दिलेली खर्ची. शाळा चौथीपर्यंतच झालेली. हंगाम संपताना मुकादमाची वही आणि हे कॅलेंडर शेजारी ठेवले जाते. कारभारीपणावर मी जेवढे वाचले, त्यात या कॅलेंडराइतके स्पष्ट मला काही सापडलेले नाही. लूकच्या सोळाव्या अध्यायातल्या कारभाऱ्याच्या वहीत तेलाच्या शंभराचे पन्नास आणि गव्हाच्या शंभराचे ऐंशी होतात. वही कोणाच्या हातात आहे याला केवढे महत्त्व असते, हे तो दाखला ऊसतोड्याला पंडितापेक्षा लवकर सांगेल.

या वाटेवर मराठी पूर्वसुरी नाहीत असे नाही, आणि याचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. चकलांब्याच्या पश्चिमेला लागणाऱ्या नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 पासूनचे. याच नगरशी नाव जोडले गेलेल्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगारही सोडला. त्या औदार्याखाली संसार कसा चालला, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचावे. देणारा हात कवीचा आणि डब्यातले पीठ मोजणारा बायकोचा, असे घर कोणाला ओळखीचे वाटणार नाही?

पंडिता रमाबाईंची तऱ्हा निराळी. बोस्टनमधल्या हितचिंतकांनी त्यांच्या शाळेला दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले होते. 1889 मध्ये ही शाळा, शारदा सदन, सुरू झाली. मदतीची मुदत कधी संपणार हे ठाऊक होते. ती संपण्याआधीच बाईंनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडे लावली, पुढे उत्पन्न मिळावे म्हणून. फळे हाती येण्याआधी 1896-97 चा दुष्काळ आला आणि त्या जमिनीवर भुकेल्या मुलींसाठी निवारे उभे राहिले. प्रार्थनेवर विसंबणारी ही बाई विहीर खोदायला विसरली नाही. श्रद्धा आणि नियोजन यांचे भांडण लावणाऱ्यांनी एकदा केडगाव पाहून यावे.

आजचे मोह जुन्यांपेक्षा फार वेगळे नाहीत, फक्त त्यांना पाटी लागली आहे. ‘दान पेरा, शंभरपट घ्या’ म्हणणारा प्रचारक आणि बँकेपेक्षा कितीतरी जास्त व्याज सांगणारा एजंट, दोघे आपल्या एकाच जागी बोट ठेवतात. 2023 नंतर बीड जिल्ह्यात काही मल्टिस्टेट पतसंस्थांचे व्यवहार थांबले आणि ठेवीदार रस्त्यावर आले. बँकेतल्या ठेवीला व्याजासह पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसते. ही माहिती मला प्रवचनाइतकीच महत्त्वाची वाटते. मंडळीच्या पैशालाही वेगळा न्याय नाही. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली रक्कम पौलाने एकट्याने नेली नाही. कोणी बोट ठेवू नये म्हणून सोबत माणसे घेतली. थैली दोघांनी मोजावी आणि आकडा सर्वांसमोर वाचावा, हा नियम त्यातूनच निघतो.

वाचकांनी सुरुवात लूकच्या सोळाव्या अध्यायापासून करावी. तो अवघड आहे आणि चतुराईची स्तुती ऐकून गोंधळायला होईल; ते चालेल. तुम्ही ख्रिस्ती नसाल तरी संकोच करू नका, देणे-घेणे सगळ्यांनाच आहे. मात्र पुढचे पान उलटण्याआधी मागच्या महिन्यात घरात किती आले आणि कुठे गेले, ते एका कागदावर उतरवा. लिहिताना घरातल्या दुसऱ्या कारभाऱ्यालाही शेजारी बसवा.