आधी विणले, मग छापले

विणकामाचा नमुना छापून आला की तो बरोबरच असणार, असे आपण सगळ्याजणी धरून चालतो. अमुक टाके घाला, दोन सुलट, दोन उलट अशी दोन इंच पट्टी विणा, असे वाचले की पुढचामागचा हिशेब न करता आपण सुया हातात घेतो. परंतु तो नमुना आपल्या हाती येण्यापूर्वी कोणी तरी आपली लोकर, आपला वेळ आणि आपले डोळे खर्ची घालून तो विणून पाहिलेला असावा लागतो. हे काम बहुधा हौसेने, मोबदल्याशिवाय केले जाते, आणि ते करणारीचे नाव क्वचितच कोठे छापले जाते. यंदा मंडळाच्या स्मरणिकेत विणकामाचे एक पान घालावयाचे ठरले व त्या पानाची जबाबदारी माझ्याकडे आली. त्या निमित्ताने या कामाची जी हकीकत माझ्या वाचनात आली, ती भगिनींपुढे ठेवते.

आपल्याकडे विणकाम मुळात कागदावरून आलेच नाही. एकोणिसाव्या शतकात मिशनच्या मुलींच्या शाळांतून शिवण-विणकाम शिकविले जाऊ लागले. पुढे १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदनाचे काम उभे राहिले, त्यातही शिवणकामाला मानाचे स्थान होते. अशा ठिकाणी शिकलेल्या मुली सासरी गेल्या आणि त्यांच्याकडून ही विद्या ओटीवर, अंगणात, शेजारणीपर्यंत पोचली. आपल्या लोणारातही बहुतेकींनी विणकाम कोणाच्या तरी शेजारी बसूनच उचलले आहे. “काकू, येथे टाका कसा घेतलात, पुन्हा दाखवा ना,” असे म्हणावयाचे आणि काकूंनी सुई संथपणे फिरवून दाखवावयाची. या शिक्षणात चूक फार काळ टिकत नाही. शिकविणारी समोर असते आणि विणलेला तुकडाही समोर असतो. कागदाचे तसे नाही. कागदाला प्रश्न विचारता येत नाही.

इंग्रजीत छापलेला विणकामाचा सर्वांत जुना नमुना म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो १६५५ साली लंडनमध्ये निघालेल्या एका औषधी कृतींच्या पुस्तकात आहे. त्या पुस्तकाचे नाव ‘नातुरा एक्झेंटेराटा’. त्यात मोजे विणण्याची कृती दिली आहे, परंतु ती सलग, दम न घेता बोलावे तशी लिहिलेली आहे. ज्या बाईला मोजे विणता येतातच तिला ती कशीबशी उमजावी, आणि जिला येत नाहीत तिने वाचून खाली ठेवावी, असा तो प्रकार. विणणे आणि विणणे लिहून काढणे या दोन निराळ्या विद्या आहेत, हे त्यावरून दिसते.

ही दुसरी विद्या एकोणिसाव्या शतकात मार्गी लागली. एडिंबरो शहरात लोकरीचा व्यवसाय करणाऱ्या जेन गॉगेन या बाईंनी १८४० साली विणकामाचे पुस्तक प्रसिद्ध केले. लांबलचक वाक्यांऐवजी टाक्यांसाठी अक्षरांच्या खुणा त्यांनी वापरल्या. त्याच दशकात लंडनच्या मिस लॅम्बर्ट यांनी सुयांची जाडी मोजण्याचे साधन प्रचारात आणले, कारण सुईची जाडी ठाऊक नसेल तर कितीही चांगली कृती निरुपयोगी ठरते. खुणांमुळे लिहिणे थोडक्यात होऊ लागले खरे, पण त्याबरोबर एक नवा धोकाही आला. वाक्यातला एखादा शब्द चुकला तर वाचणारीला संशय येतो, पण आकडा चुकला तर तो चुकला आहे हे दिसतसुद्धा नाही. खिळे जुळविणाऱ्याने ६ च्या जागी ९ बसविला की बाई निमूटपणे ९ विणते.

आकड्याची ही चूक किती महाग पडते, याचा साधा हिशेब पाहू. ३० इंची स्वेटरला इंचाला ६ टाके धरले तर १८० टाके लागतात. पण विणणारीचा हात घट्ट असून इंचात साडेसहा टाके बसले, तर तोच स्वेटर पावणेअठ्ठावीस इंचांच्या आतच राहतो. अर्ध्या टाक्याच्या फरकाने सव्वादोन इंच गेले! सुयांच्या नंबराचा घोळ आणखी निराळा. आपण ज्या जुन्या इंग्रजी नंबरांच्या सुया वापरत आलो, त्यांत नंबर मोठा तशी सुई बारीक. अमेरिकेत नेमके उलटे. इंग्रजी १० नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची, तर अमेरिकन १० नंबरची सहा मिलिमीटरची. परदेशी पुस्तकातला नमुना जसाच्या तसा मराठीत उतरविला, तर बाळाच्या अंगरख्याऐवजी थोरल्या भावाचा स्वेटर तयार व्हावयाचा!

मोठ्या शहरात चुकीचा उतारा लवकर मिळतो. दुकानात विचारता येते, पुढच्या अंकातले शुद्धिपत्र वाचता येते. आपल्यासारख्या गावी पूर्वी मासिकाचा एक अंक पाच घरे फिरे, पुढचा अंक भलत्याच घरी जाई, आणि शुद्धिपत्र नमुन्याला कधी गाठतच नसे. लोकर मेहकरहून नाही तर जालन्याहून मोजून आणलेली असावयाची. मला आमच्या शेजारच्या एक वहिनी आठवतात. त्यांनी एका मासिकातील नमुन्यावरून मुलाचा स्वेटर विणावयास घेतला. बाही काखेत बसेना. त्यांनी ती तीनदा उसवली. उसवून उसवून लोकरीचा जीव गेला, तिचा पीळ सुटला आणि ती तुटू लागली. घरात “तुम्हाला जमायचे नाही” असेही ऐकून घ्यावे लागले. शेवटी चौघीजणींनी बसून हिशेब मांडला, तेव्हा नमुन्यातच बाहीचे टाके काखेच्या मापाशी जुळत नाहीत असे निघाले. तोवर आपल्याकडची दोन-अडीच महिन्यांची थंडी संपत आली होती. चूक कागदाची होती, पण बोल बसला बाईला. या विषयातले खरे दुखणे हेच आहे. छापलेल्या अक्षरावर आपला इतका विश्वास की चुकले तर आपणच अडाणी, असे आपण समजतो.

१९६२ साली चीनचे आक्रमण झाले, तेव्हा देशभर स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे आणि मफलर विणले, हे जुन्या पिढीच्या चांगलेच लक्षात आहे. अशा कामात नमुना अचूक असणे ही केवळ सोयीची बाब नसते. मोज्याच्या बोटाशी जाड शिवण राहिली तर चालणाऱ्याच्या पायाला फोड येतो. म्हणूनच पहिल्या महायुद्धाच्या काळापासून सैनिकांच्या मोज्यांचे पुढचे टोक शिवण न घालता टाक्याला टाका जोडून बंद करण्याची रीत रूढ झाली. कागदावर दोन्ही मोजे सारखेच दिसतात. फरक कळतो तो विणून, घालून आणि चालून पाहिल्यावर.

नमुना छापणाऱ्याच्या हाती सोपविला की त्याचे काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. एलिझाबेथ झिमरमन ही इंग्लंडात जन्मलेली बाई गोल सुईवर, शिवण न घालता स्वेटर विणीत असे. १९५० च्या दशकात तिचे नमुने छापताना छापणाऱ्यांनी तिची गोल वीण मोडून पुढचा भाग, मागचा भाग अशी सपाट तुकड्यांत मांडली. तेव्हा १९५८ साली तिने स्वतःचेच पत्रक काढावयास सुरुवात केली. तिचे म्हणणे थोडक्यात असे की आधी लहान तुकडा विणा, इंचाला किती टाके बसतात ते मोजा आणि मग आपला हिशेब आपण करा.

आपल्या मराठीत हीच दृष्टी स्वयंपाकाच्या बाबतीत दिसते. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ हे पुस्तक १९७० साली निघाले आणि घरोघरी गेले. त्याचे एक कारण त्यातील वाटी-चमच्याचे माप. ‘अंदाजाने घालावे’ या शब्दांवर नव्या सुनेचे भागत नाही, हे त्यांनी ओळखले. विणकामातही ‘अंदाजाने घटवावे’ असे लिहिणे म्हणजे शिकणारीला अर्ध्या वाटेवर सोडून देणेच होय.

आज नमुने विणून पाहण्याच्या कामाला पद्धतशीर रूप आले आहे. नमुना रचणारी बाई साधारणपणे एकाच मापाचा स्वेटर स्वतः विणते, आणि बाकीची आठ-दहा मापे गुणाकार-भागाकार करून लिहिते. ती मापे खरोखर अंगावर बसतात की नाही, हे पाहण्यासाठी ती विणणाऱ्या स्त्रियांना आवाहन करते. ज्या तयार होतात त्या आपापले माप निवडतात, लोकर आपल्या पैशाने आणतात, ठरलेल्या मुदतीत विणून देतात आणि कोणती ओळ कळली नाही, किती लोकर लागली, कोठे टाके उरले ते लिहून कळवितात. मोबदला म्हणून बहुधा तो नमुना फुकट मिळतो, एवढेच. कागदावर आकडेमोड तपासणाऱ्या तज्ज्ञ बाईला पैसे मिळतात, मग महिनाभर विणणारीला का मिळू नयेत, असा वाद त्या वर्तुळात चालू आहे, आणि तो योग्यच आहे. हौसेने केलेल्या कामाला मोल नसते असे नाही. ते मोल कोणी तरी भरतच असते, आणि येथे ते ती बाई भरते. पैसे देणे जमत नसेल तर निदान लोकर द्यावी, आणि नाव छापण्यास तर काहीच अडचण नसावी, असे माझे मत आहे.

आमच्या पानाचे काय झाले तेही सांगते. नमुना आहे सहा महिन्यांच्या बाळाच्या टोपीचा, ९६ टाक्यांचा. तो छापावयास देण्यापूर्वी मंडळाच्या तीन भगिनींनी विणून पाहावा असे ठरले. एक पन्नास वर्षे विणत असलेल्या आजी, एक सैल हाताच्या ताई आणि एक यंदाच सुया धरावयास शिकलेली मुलगी. लोकर मंडळाने दिली. आजींनी चार दिवसांत टोपी आणून दिली आणि नमुना उत्तम असल्याचे सांगितले. मुलगी मात्र माथ्याशी अडली. तेथे ‘७ सुलट, २ एकत्र’ असे लिहिले होते. नवाच्या हिशेबाने ९६ टाक्यांत दहा घास होऊन सहा टाके उरत. खरे पाहता ६ सुलट हवे होते, म्हणजे आठाचे बारा घास बरोबर होतात आणि ८४ टाके राहतात. आजींचा हात इतका मुरलेला की त्यांनी चूक न पाहताच बरोबर विणले होते! ताईंची टोपी इंचाला ६ ऐवजी ५ टाके बसल्यामुळे १६ इंचांची न होता १९ इंचांवर गेली, आणि ती त्यांच्या दोन वर्षांच्या नातवाला छान बसली. म्हणून नमुन्याच्या आरंभी तुकडा विणून मोजण्याची सूचना आता घातली आहे.

यातून मला उमगले ते एवढेच की तपासावयास नेहमी जाणतीच हवी असे नाही. जाणती चूक ओलांडून जाते, नवखी तीवर अडखळते, आणि त्या अडखळण्याचाच उपयोग होतो. आपल्या गावच्या सरोवराचेच पाहा. हे ज्वालामुखीचे विवर आहे असे जाणते लोक पुष्कळ काळ म्हणत. पुढे विवरात भोके पाडून तळाखालचा खडक तपासला गेला, आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते उल्कापाताचे असल्याचे दाखविले. पाहिल्यावाचून मानू नये, ही शिकवण आपल्या पायाशीच आहे.

यापुढे मंडळाने कोणतीही कृती, मग ती विणकामाची असो की लोणच्याची, तिघींनी करून पाहिल्याशिवाय छापू नये, आणि त्या तिघींची नावे कृतीखाली द्यावीत, अशी माझी सूचना आहे. या अंकातील टोपीच्या पानाखाली ती दिली आहेत. नवखीचे नाव आम्ही पहिले घातले आहे.