पराभवाची आतली गोष्ट कोण लिहिणार?

अमेरिकेत 1960 ची अध्यक्षीय निवडणूक झाली आणि 1961 मध्ये पत्रकार थिओडोर व्हाइट यांचे ‘द मेकिंग ऑफ द प्रेसिडेंट 1960’ आले. केनेडींच्या विजयामागची आतली गोष्ट वाचकांना मिळाली. पुढे अशा पुस्तकांची रीतच पडली.

आम्ही विचारतो, बाबासाहेबांच्या निवडणुकांचे असे पुस्तक कुठे आहे? 1952 ला उत्तर मुंबईत काँग्रेसचे नारायण काजरोळकर जिंकले. 1954 ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचेच भाऊराव बोरकर जिंकले. आजही काही जण म्हणतात, “लोकांनीच नाकारले.” पण भंडाऱ्यात जागा दोन, मतदाराला मतेही दोन. सर्वसाधारण जागेवर सोबतचे समाजवादी अशोक मेहता निवडून आले, राखीव जागेवर बाबासाहेब पडले. दुसरे मत कुजवावे, असा कार्यकर्त्यांचा आग्रह होता. बाबासाहेबांनी तो मानला नाही, ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. आमची मते मित्राला गेली. मित्राची आमच्याकडे किती आली? खरा प्रश्न हा आहे.

त्याचे उत्तर नेत्यांच्या खोलीत सापडणार नाही. ते पायी प्रचार करणाऱ्यांकडे, भाकरी बांधून देणाऱ्या आयाबायांकडे होते. त्या वेळी एकविशीत असलेले आज नव्वदीपार आहेत. भिवंडीत यंत्रमागाची पाळी संपवून प्रचाराला जाणाऱ्या आमच्या पोरांनो, घरातल्या म्हाताऱ्यांजवळ बसा, विचारा, लिहून ठेवा. आपण लिहिले नाही, तर आपल्या पराभवाचा अर्थ जिंकणारेच सांगतील.

जय भीम.