शांत ॲल्युमिनियम कॅबिनेट : भालकीच्या उन्हात पारख कशी करावी?

संगणकाची पेटी, म्हणजे बाजारात जिला ‘कॅबिनेट’ म्हणतात ती, खरेदीच्या यादीत बहुधा शेवटी येते. प्रोसेसर, मेमरी, एसएसडी यांतून उरलेल्या पैशांत बसेल ती घ्यायची, अशी रीत. ॲल्युमिनियमचे आणि ‘आवाज न करणारे’ कॅबिनेट मात्र महाग असते. भालकीच्या ग्राहकाला ते ऑनलाइन मागवावे लागते किंवा सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरची वाट धरावी लागते. वजनदार पेटी परत पाठवणे हा उपद्व्यापच. म्हणून पारख आधीच केलेली बरी.

ॲल्युमिनियम उष्णता पोलादाच्या सुमारे चौपट सहजतेने वाहून नेते, हे खरे. त्यावरून ‘हे कॅबिनेट संगणक थंड ठेवते’ असा निष्कर्ष विक्रेते काढतात, तो मात्र चुकीचा आहे. प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटच्या भिंतीला टेकलेले नसते. त्यांची उष्णता हवा बाहेर नेते. धातूच्या या गुणाचा खरा उपयोग पंखाविरहित पेट्यांत होतो. तेथे प्रोसेसरपासून निघालेल्या तांब्याच्या उष्णतानलिका थेट बाजूच्या जाड, पन्हाळीदार ॲल्युमिनियमला जोडलेल्या असतात. ॲपलचा 2003 सालचा ‘पॉवर मॅक जी5’ ॲल्युमिनियमचा होता, तरी त्यात नऊ पंखे होते आणि आतील जागेचे चार स्वतंत्र कप्पे पाडलेले होते. त्याची शांतता त्या संथ, नियंत्रित पंख्यांची होती.

आवाजाच्या बाबतीत तर हा धातू थोडा उणाच. पत्र्याचे वजन दुप्पट केले की पलीकडे जाणारा आवाज ढोबळमानाने सहा डेसिबलने घटतो. पोलादाची घनता 7.85, ॲल्युमिनियमची 2.7. म्हणजे एक मिलिमीटरचा ॲल्युमिनियम पत्रा तेवढ्याच पोलादी पत्र्यापेक्षा आवाज कमी अडवतो आणि हार्ड डिस्कच्या कंपनाने लवकर गुणगुणू लागतो. पत्रा दोन मिलिमीटरच्या आसपास असावा, किंवा आतून डांबरी थर अथवा दोन पत्र्यांमध्ये प्लास्टिक असावे. दुकानात बोटाच्या पेराने टिचकी मारून पाहावी. टणटण वाजला तर तो घरीही वाजेल. ‘ठप्प’ आवाज आला तर बरे. बिदरी कामाच्या मुलखात झिलईचे मोल कुणाला सांगायला नको, पण झिलई कानाला ऐकू येत नाही.

सर्वांत मोठी फसगत तापमानाची. कॅबिनेटच्या चाचण्या सहसा वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. भालकीत मे महिन्याच्या दुपारी बाहेर पारा चाळिशीला भिडलेला असतो आणि पंखा कितीही फिरला तरी आतले भाग खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. त्यामुळे चाचणीत शांत ठरलेले यंत्र इथे पंख्यांचा वेग वाढवून घरघरू लागते. पंख्याचा वेग निम्मा झाला तर आवाज सुमारे पंधरा डेसिबलने उतरतो. म्हणून 80 मिलिमीटरच्या चार पंख्यांपेक्षा 140 मिलिमीटरचे दोन संथ पंखे केव्हाही चांगले. पुढचा भाग बंद दरवाजाचा आणि आत फोम असलेले कॅबिनेट थंड प्रदेशात शोभते. इथे जाळीदार पुढा घ्यावा आणि थोडा आवाज पत्करावा, असे आमचे मत. छताचा पंखा चालू असताना तो आवाज कुणाला ऐकूही येत नाही. खरी कसोटी रात्री, पंखा बंद करून, मीटरभर अंतरावरून घ्यावी. ध्वनिमुद्रण करणाऱ्याची गोष्ट वेगळी.

तूर, सोयाबीनच्या मळणीचे दिवस आले की धूळ घरात शिरते. हवा आत घेणाऱ्या प्रत्येक जागी धुता येणारी जाळी हवी, आणि ती कॅबिनेट न हलवता निघायला हवी. नाहीतर कुणी ती काढत नाही. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त ठेवली तर फटींतून धूळ कमी शिरते. गोव्याच्या किनाऱ्यावर धुळीपेक्षा खारी हवा छळते. तेथे न गंजणारे ॲल्युमिनियम पोलादाला सरस ठरते, फक्त मिठाने त्यावर बारीक खड्डे पडू शकतात.

शेवटची बाब आवाजाची नाही, पण टाळता येण्यासारखीही नाही. अनेक घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण त्यामागे अर्थिंग नसते. अशा वेळी वीजपुरवठा करणाऱ्या एसएमपीएसमधील गाळणीच्या कपॅसिटरमुळे कॅबिनेटवर सुमारे 115 व्होल्टचा दाब येतो आणि हात लावताच मुंग्या येतात. तो प्रवाह अत्यल्प असतो. पण एसएमपीएसमध्ये बिघाड झाला तर त्याच पत्र्यावर पूर्ण 230 व्होल्ट येऊ शकतात. ॲल्युमिनियमवरील ॲनोडाइझचा थर विद्युतरोधक असल्याने या मुंग्या कधी जाणवतच नाहीत, आणि जाणवतात त्या नेमक्या उघड्या स्क्रूवर किंवा खरचटलेल्या कडेवर. त्याच थरामुळे कॅबिनेटचे सुटे भाग एकमेकांशी विद्युतदृष्ट्या जोडलेले असतीलच असे नाही. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने सॉकेटची अर्थिंग तपासून घ्यावी आणि अर्थ पिनपासून बाजूच्या पत्र्याच्या स्क्रूपर्यंत जोड आहे का, हेही पाहावे. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटसाठी ठेवलेले पैसे आधी तिकडे वळवावेत.