गुलाबी रंगाचा साक्षीदार

कुंडलिका नदीकाठच्या जुन्या जालन्यासारख्या गावांत करडई आणि तीळ, दोन्ही लाकडी घाण्यावर गाळले जात. करडईचे तेल लवकर खवट होते, तिळाचे टिकते, हे घरोघर ठाऊक असे.

करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल सुमारे ७० ते ७५ टक्के असते. त्याच्या रेणूतील दोन दुहेरी बंधांच्या मधला हायड्रोजन सहज सुटतो आणि तेथे ऑक्सिजन शिरतो. तिळातही हे आम्ल चाळिसेक टक्के असते. तरी ते टिकते, कारण त्यातील सेसॅमोलिनपासून बनणारे सेसॅमॉल आधी स्वतः ऑक्सिजनाला बळी पडते.

१९०२ मध्ये जर्मनीत विल्हेल्म नॉर्मन यांनी वेगळी वाट काढली. निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन जोडून दुहेरी बंधच कमी करायचे! तेल घट्ट व टिकाऊ झाले, पण दिसू लागले तुपासारखे. भारतात १९३७ मध्ये डालडा आला. साजूक तुपात वनस्पती मिसळले तर ओळखायचे कसे? वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल सक्तीचे झाले, ते यासाठी.

बॉडोइन परीक्षा शिक्षकांना परिचित आहेच. वितळलेल्या तुपात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चिमूटभर साखर घालून हलवले की आम्लाचा थर गुलाबी होतो. तेलाचा राखणदार सेसॅमॉलच येथे साक्ष देतो. मात्र काही कृत्रिम रंग साखरेविनाही आम्लात गुलाबी होतात. म्हणून साखर न घातलेली दुसरी नळी शेजारी ठेवावी. आणि रंग आला नाही, म्हणून तूप शुद्ध ठरत नाही. चरबी मिसळली असेल, तर हा साक्षीदार गप्पच राहतो.