आर नदीकांठचें मायशॉस

जर्मनीच्या पश्चिमेस आयफेल नांवाचा डोंगराळ मुलूख आहे. त्या मुलखांत ब्लांकेनहाइम या गांवीं एका जुन्या घराच्या तळघरांत पाण्याचा एक झरा आहे. हाच झरा पुढें आर नदी होतो आणि वळणें घेत सुमारें ८५ किलोमीटर चालून झिन्झिग गांवाजवळ ऱ्हाइन नदीस मिळतो. या प्रवासाच्या उत्तरार्धांत ही लहानशी नदी खडक कोरीत जाते. तेथें, दोन्ही बाजूंच्या उभ्या कड्यांमध्यें सांपडलेल्या चिंचोळ्या पट्टींत, जेमतेम हजारभर वस्तीचें मायशॉस हें गांव वसलें आहे.

हें स्थळ विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेपन्नास अंशांवर आहे. इतक्या उत्तरेकडे, हिंवाळ्यांत बर्फ पडणाऱ्या प्रदेशांत, द्राक्षें पिकावीं हेंच आश्चर्य. त्यांतही तांबड्या मद्याचीं काळीं द्राक्षें पिकावींत हें अधिक आश्चर्य. त्याचें उत्तर डोंगराच्या दगडांत आहे. शाळेंतील मुलें ज्या दगडाच्या पाटीवर अक्षरें गिरवीत, त्याच जातीचा काळसर, पापुद्र्यांचा दगड येथील उतारांवर पसरलेला आहे. दिवसभर सूर्य त्याला तापवितो आणि रात्रीं तो दगड ती ऊब हळूहळू वेलींच्या मुळांशीं सोडतो. उतार दक्षिणेकडे तोंड केलेले असल्यामुळें तिरपें ऊनही त्यांवर सरळ पडतें. मागचे डोंगर थंड वारा अडवितात. मूळची बर्गंडी प्रांतांतील, उशिरा पिकणारी काळ्या द्राक्षांची जात येथें अशा रीतीनें रुजली, आणि आजही या खोऱ्यांत तिचाच वरचष्मा आहे.

परंतु निसर्गानें हें दान फुकट दिलेलें नाहीं. उतार इतके उभे कीं, माती जागेवर राहावी म्हणून पिढ्यानपिढ्या दगडी बांध रचून पायऱ्या कराव्या लागल्या. पावसानें खालीं वाहून आलेली माती बायकापुरुषांनीं पाठीवरच्या टोपल्यांतून पुन्हा वर नेऊन टाकावी, हा येथील जुना नेम. ज्यानें असा एक बांध हातानें रचला असेल, त्यालाच मद्याच्या पेल्याची खरी किंमत कळावयाची!

या खोऱ्यांतील द्राक्षमळ्यांचा उल्लेख प्रूम येथील मठाच्या इ. स. ८९३ मधील जमीनदप्तरांत सांपडतो. मायशॉसच्या डोक्यावर झाफेनबुर्ग नांवाच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. अकराव्या शतकापासूनचा हा किल्ला स्पेनच्या गादीसंबंधींच्या युद्धांत इ. स. १७०४ मध्यें पाडण्यांत आला. सरदार गेले, मठांच्या जमिनी फ्रेंच अमदानींत विकल्या गेल्या, आणि मळे कष्टकऱ्यांच्या हातीं आले. तथापि स्वातंत्र्याबरोबर दारिद्र्यही आलें. वडिलांची जमीन सर्व मुलांत सारखी वांटण्याची रीत असल्यानें दर पिढीस तुकडे अधिकाधिक लहान होत गेले. ही कथा महाराष्ट्रांतील वाचकांस समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

इ. स. १८१५ मध्यें हा मुलूख प्रशियाच्या राज्यांत गेला. प्रथम जकातीच्या संरक्षणामुळें येथील मद्यास चांगला भाव मिळाला. परंतु १८३४ मध्यें जर्मन राज्यांचा जकातसंघ झाला आणि दक्षिणेकडील स्वस्त मद्य बाजारांत शिरलें. त्यांत वाईट हंगामांची भर पडली. अनेक कुटुंबांनीं घरदार विकून अमेरिकेची वाट धरली. मागें राहिलेल्यांची स्थिति अशी कीं, लहान शेतकऱ्याजवळ ना तळघर, ना पुरेशीं पिंपें. तोडलेलें द्राक्ष कांहीं दिवसही थांबत नाहीं. तें व्यापाऱ्यास ताबडतोब द्यावें लागे. घाई कोणाला आहे हें व्यापारी जाणून असे, आणि भाव तोच ठरवी.

इ. स. १८६८ मध्यें मायशॉसच्या अठरा द्राक्ष-उत्पादकांनीं एकत्र येऊन आपला संघ स्थापन केला. कल्पना साधी होती: द्राक्षें एकत्र गाळावयाचीं, मद्य सामाईक तळघरांत मुरवावयाचें, आणि भाव येईपर्यंत थांबावयाचें. हें थांबणें हेंच त्यांचें शस्त्र. परंतु त्या काळच्या कायद्याप्रमाणें अशा संघाच्या कर्जास प्रत्येक सभासद आपल्या सर्व मालमत्तेनिशीं जबाबदार असे. संघ बुडता तर शेजाऱ्याच्या चुकीपायीं आपलें घर व मळा जावयाचा. म्हणजे अठरा माणसांनीं केवळ द्राक्षें एकत्र केलीं नाहींत. त्यांनीं आपलीं घरें एकमेकांच्या हवालीं केलीं. तो संघ टिकला. पुढें आल्टेनआर व वाल्पोर्ट्सहाइम येथील संघही त्यांत सामील झाले. जगांतील सर्वांत जुना द्राक्ष-उत्पादक सहकारी संघ तो आपलाच, असें मायशॉसकर अभिमानानें सांगतात. हा मान आपल्याकडे ओढणारीं दुसरीं गांवेंही जर्मनींत आहेत. पण असल्या भांडणांत कोणाचेंच नुकसान नाहीं.

येथून एका दिवसाच्या वाटेवर, ऱ्हाइनच्या पलीकडे, हेडेसडोर्फ गांवीं फ्रीड्रिख राइफायझेन यानें १८६४ मध्यें शेतकऱ्यांची पतपेढी काढली होती. त्याच्या पद्धतीचा अभ्यास फ्रेडरिक निकल्सन यांनीं मद्रास सरकारसाठीं केला, आणि त्यांच्या अहवालाचा परिणाम हिंदुस्थानांतील १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्यांत दिसून आला. तेव्हां महाराष्ट्रांतील सोसायट्यांचें एक मूळ ऱ्हाइनकांठच्या या मातींत आहे.

इ. स. १८८६ मध्यें आगगाडी आली. बोगदे व पूल यांमुळें कोपऱ्यांतलें गांव शहरांजवळ आलें; मद्य बाहेर जाऊं लागलें आणि प्रवासी आंत येऊं लागले.

आतां नदीविषयीं. उन्हाळ्यांत पोरेंसोरें चालत ओलांडतील एवढेंच तिचें पाणी. परंतु खोरें अरुंद, उतार उभे आणि खडक पाणी न पिणारा. आयफेलवर ढग फुटला म्हणजे सगळें पाणी एकाच वेळीं खालीं धांवतें. वाहून आलेलीं झाडें पुलांच्या कमानींत अडकतात, पाणी तुंबतें, आणि पूल फुटतांच पाण्याची भिंतच पुढें सुटते. २१ जुलै १८०४ रोजीं असा पूर येऊन खोऱ्यांत ६३ माणसें मेलीं आणि बहुतेक सर्व पूल गेले. जून १९१० मध्यें पुन्हा तसेंच झालें. त्या वेळीं बुडालेल्यांत नव्या लोहमार्गावर कामास आलेले मजूर पुष्कळ होते. नंतर वरच्या खोऱ्यांत पाणी अडविण्यासाठीं मोठे बंधारे बांधण्याच्या योजना झाल्या, पण त्या कागदावरच राहिल्या. त्याच मुलखांत १९२५ ते १९२७ या काळांत न्यूरबुर्गरिंग ही मोटारींच्या शर्यतींची सडक मात्र उभी राहिली!

पुढें विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास नदीची पातळी शास्त्रशुद्ध रीतीनें मोजली जाऊं लागली. मायशॉसच्या वरच्या अंगास असलेल्या आल्टेनआर येथील नोंदी १९४७ पासूनच्या. पूर किती येऊं शकेल याचा सरकारी हिशेब या नोंदींवर बसविला गेला, आणि त्यांतून १८०४ व १९१० हीं दोन्ही वर्षें गळलीं. बॉन विद्यापीठाच्या भूगोलज्ञांनीं जुनीं कागदपत्रें व पुराच्या खुणा पाहून त्या पुरांचें मान २०२१ पूर्वींच काढून प्रसिद्ध केलें होतें. तें वाचणारे मोजके होते. आल्टेनआरच्या मापकावर तोंवर नोंदलेली सर्वांत मोठी पातळी २०१६ ची, ३.७१ मीटर. लोक त्या अनुभवावर विसंबून होते.

१४ जुलै २०२१ च्या रात्रीं तें मापक पावणेंसहा मीटर गांठून बंद पडलें. पाणी पुढें दहा मीटरांच्या आसपास गेलें असावें असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. साऱ्या खोऱ्यांत सुमारें १३५ माणसें दगावलीं. मायशॉसचे रस्ते, पूल व लोहमार्ग नाहींसे झाले आणि गांव जगापासून तुटलें. शेजारच्या रेख गांवचा अठराव्या शतकांतील दगडी पूल १८०४ व १९१० या दोन्ही पुरांत उभा राहिला होता. या वेळीं त्याच्याही कमानी गेल्या.

नदीलगतचे मळे वाहून गेले, पण उतारांवरचे बहुतेक वांचले. तळघरांत मात्र चिखल भरला होता. खोऱ्यांतील मद्य-उत्पादकांनीं त्या चिखलांतल्या बाटल्या बाहेर काढल्या आणि न धुतां, तशाच मळकट, मदतनिधीसाठीं विकल्या. देशोदेशींच्या लोकांनीं त्या घेतल्या. दोन महिन्यांनीं वर डोंगरावर द्राक्षें पिकलीं. तेव्हां जर्मनीच्या दुसऱ्या भागांतील द्राक्ष-उत्पादक आपापली तोडणी संभाळून येथें मदतीस आले, आणि त्या वर्षींचें पीक घरांत आलें.