नादारी आणि धनकोंचे हक्क : मुंबईतील १८६५ च्या आर्थिक पडझडीच्या संदर्भात

ऋणकोने दिवाळे काढले की त्याची उरलेली मालमत्ता कोणाच्या हाती लागते, हा प्रश्न धनकोंपुढे उभा राहतो. पेशवाईत सावकार ऋणकोच्या दारी धरणे धरून बसे. हा मार्ग एकट्यादुकट्या धनकोच्या उपयोगाचा होता. ज्याचा तगादा कडक त्याची वसुली आधी, मागे राहिलेल्याच्या पदरी काहीच नाही. धनकोचे ऋणकोपासून रक्षण करण्याइतकेच त्याचे इतर धनकोंपासूनही रक्षण करावे लागते, हे तत्त्व मुंबईत पुढे नादारीच्या कायद्याने रुजविले. १८६५ च्या पडझडीत त्या तत्त्वाची जी कसोटी लागली, तिचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांसाठी ब्रिटिश पार्लमेंटने १८२८ मध्ये नादारीविषयक कायदा केला व १८४८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आणली. ऋणकोने अर्ज केल्यावर न्यायालयाच्या आदेशाने त्याची मालमत्ता ऑफिशियल असायनी या अधिकाऱ्याकडे जाई. धनकोंनी आपापले दावे सिद्ध करावयाचे आणि जमा रकमेतून प्रमाणशीर वाटा घ्यावयाचा, अशी ही व्यवस्था होती. तथापि या कायद्याचा मूळ हेतू नादार ऋणकोस दिलासा देण्याचा, म्हणजे मुख्यतः तुरुंगवासातून सोडविण्याचा होता. धनकोंचे हित त्यात ओघाने आले, एवढेच.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना पश्चिम भारताचा कापूस घ्यावा लागला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. बॅक बे कंपनीचा ५,००० रुपये भरणा झालेला भाग ५०,००० च्या घरात गेला. मुदतीच्या सौद्यांत बहुतेक प्रत्येक पेढी एकाच वेळी धनकोही होती आणि ऋणकोही. एकीचे येणे ते दुसरीचे देणे. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आला, कापसाचे भाव कोसळले. मे महिन्यात बेहरामजी होरमसजी कामा यांची पेढी सुमारे ३३ लाख पौंडांचे देणे ठेवून बुडाली आणि मुदतीच्या सौद्यांचा १ जुलै हा दिवस उजाडण्यापूर्वीच सारी साखळी तुटू लागली.

अशा वेळी एकेका अर्जाची स्वतंत्र चौकशी करणारी जुनी यंत्रणा अपुरी पडणे स्वाभाविक होते. म्हणून १८६५ चा अठ्ठाविसावा कायदा झाला. नादारांच्या मालमत्तांची विल्हेवाट त्वरेने व थोडक्या खर्चात लागावी, हा त्याचा हेतू. त्याखाली मालमत्ता विश्वस्तांकडे सोपविण्याचा मार्ग खुला झाला. मात्र वाटावयाचे तेच उरले नसेल तर वाटणी कितीही न्याय्य असून उपयोग काय? बँक ऑफ बॉम्बेची कथा या दृष्टीने बोलकी आहे. १८६३ च्या नव्या कायद्याने कर्जांवरील जुने निर्बंध सैल झाल्यावर बँकेने कंपन्यांच्या भागांच्या तारणावर मुक्तहस्ते कर्जे दिली. प्रेमचंद रायचंद यांचे वजन तेथे मोठे होते. कागदोपत्री ती तारणी धनको होती. पण ऋणको आणि तारण दोन्ही एकाच दिवशी बुडाले. तिचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला भाग पुढे ८७ रुपयांवर आला. १८६८ मध्ये बँक मोडली व सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. तारणाला धनकोचे कवच मानणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य अभ्यासावे.

इलाखा शहरांसाठीच्या १९०९ च्या कायद्याने सूत्रे पुन्हा ऑफिशियल असायनीच्या हाती बळकट केली. नादारीचा आदेश झाल्यावर सामान्य धनकोला न्यायालयाच्या अनुमतीवाचून स्वतंत्र कारवाई करता येईना. अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत एखाद्याच धनकोला झुकते माप देण्यासाठी केलेले व्यवहार रद्द ठरू लागले. धरण्याचे युग कायद्याने खऱ्या अर्थाने येथे संपविले.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने कंपन्यांच्या बाबतीत निर्णयाचा अधिकार धनकोंच्या समितीकडे दिला. समितीत मताधिकार प्रामुख्याने वित्तीय धनकोंना, म्हणजे बँकांना आहे. माल पुरविणाऱ्या लहान उद्योजकास तो सहसा नाही. संहितेने त्याला निदान समापनात मिळाली असती तेवढी रक्कम देण्याची हमी दिली. परंतु समापनाच्या क्रमवारीत त्याचे स्थान इतके खाली आहे की ती रक्कम अनेकदा शून्यच निघते. व्यक्तींच्या नादारीविषयीचा संहितेचा भाग डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांपुरता अंमलात आला. मुंबईतील इतर व्यक्तींचे धनको आजही १९०९ च्या कायद्याच्याच दारात उभे आहेत.